जर्मनच्या किटलीत न लागलेलं विरजण

मी एक जुनी किटली आहे आणि थेट जर्मनीहून आले आहे. कोणाचाच विश्वास बसणार नाही, मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, सारं गाव मला ‘जर्मनची किटली’ म्हणतं ते काय उगीच? अहमदपूरच्या बाजारातला भांडेवाला सांगतो, इकडं ॲल्युमिनियमलाच जर्मन म्हणतात. सांगू द्या बापड्याला. वाटेत एका देवमाशाने मला गिळलं होतं. माझं झाकण इतकं घट्ट, की त्याला पोटदुखी सुटली आणि त्याने मला किनाऱ्यावर आणून टाकलं.

तिथून मी गुणाबाईंच्या घरी आले. रोज पहाटे त्या म्हशीची धार काढायच्या. मग त्यांचा मुलगा दयानंद मला गाडीला अडकवून डेअरीला दूध घालायला न्यायचा. दुपारी सून शिवकन्या मला राखेनं घासायची, कढत पाण्यानं विसळायची आणि कुंपणाच्या मेढीवर पालथी घालायची. ऊन खाऊन मी अशी तापायची की माशी बसायला धजत नसे. डेअरीवाला मल्लिनाथ म्हणायचा, गुणामावशीच्या किटलीतलं दूध नुसत्या वासानं ओळखू येतं. तेव्हा मी फुगून दोन लिटरनं मोठी व्हायची.

मग येळवस, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची अमावस्या, तोंडावर आली आणि म्हशीला दगडी झाली. कास दगडासारखी टणक झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सडात औषध सोडलं आणि जाताना बजावलं, “मावशी, मी सांगेपर्यंत दूध घालू नका.”

गुणाबाई शब्दाला पक्क्या. त्यांनी डेअरीला एक थेंब घातला नाही. पण दूध म्हणजे लक्ष्मी, ते ओतून कसं द्यायचं? घालू नका म्हणजे घरी ठेवा, असा त्यांनी सरळ अर्थ काढला. येळवशीला शेतात आंबील लागते, आंबिलीला ताक लागतं. म्हणून सगळं दूध तापवून शिवकन्येकडून माझ्यातच विरजून घेतलं. नातीला, शिवांगीलाही त्यातलंच पेलाभर दिलं.

सकाळी झाकण उघडलं तर दूध तसंच, पाण्यासारखं पातळ. शेजारच्या लक्ष्मीबाईंकडून नवं विरजण आणलं. तेही लागलं नाही.

गुणाबाई सुनेकडे बघून म्हणाल्या, “तुझ्या हाताला गुण न्हाई.”

येळवशीला सगळे पाहुणे शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी जमले आणि गुणाबाईंना लक्ष्मीबाईंच्या शेतातून आंबील मागून आणावी लागली. तिथंही त्यांनी चारचौघांत सुनेला तेच ऐकवलं. शिवकन्या भाकरीचा घास हातात घेऊन तशीच बसून राहिली. घरी आल्यावर गुणाबाईंचा उरलेला राग माझ्यावर निघाला. त्यांनी मला गोठ्यामागच्या दगडावर आपटलं. बुडाला खोल पोचा पडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हैस बघायला आले. शिवकन्येनं पदर खोचून विचारलं, “डॉक्टरसाहेब, माझ्या हाताला खरंच गुण न्हाई का?”

सगळं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो, घालू नका म्हंजे वापरूच नका. औषध दुधात उतरतंय. दही लावणारे जंतूही त्यानं मरतेत, मग विरजण कसं लागंल? असं दूध सारखं पोटात गेलं की पुढं लेकरू आजारी पडल्यावर औषधच चालत न्हाई.”

गुणाबाईंनी शिवांगीला जवळ ओढलं. मग त्या सुनेला म्हणाल्या, “चुकलं माझं, माय.”

मला मात्र कोणी काही म्हणालं नाही. घरात स्टीलचा कॅन आला.

आता पहाटे धारेचा आवाज येतो. आधी रिकाम्या भांड्यात सर्र, मग भरत आलं की घुम्म. मी गोठ्यामागं पडल्या पडल्या ऐकते. दयानंदची गाडी माझ्या शेजारून जाते, थांबत नाही. फक्त शिवांगी अधूनमधून येऊन माझ्याजवळ बसते. मित्रांनो, आजारी जनावराचं दूध डॉक्टर हो म्हणेपर्यंत कोणालाच देऊ नका, आणि भांडं रोज कढत पाण्यानं धुवा. आणि एक विनंती करते. मला एकदा तरी धारेखाली धरा. मी आजही आतून लख्ख आहे, अगदी पहिल्या दिवसासारखी.

शिवांगीनं माझ्यात तोंड घातलं, वास घेतला आणि नाक मुरडलं.

“किटलीबाई, ते जर्मनीचं खोटं चालंल. पण हे खोटं बोलायलीस. तुझ्या पोच्यात जुनं दूध कुजायलंय.”