गंगारामने दिलेली हाक

इंग्लंडच्या दौऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात गंगाराम रत्नागिरीजवळच्या भाट्याला घरी आला, तेव्हा निम्मा गाव त्याला बघायला खाडीवर उतरला होता. ज्याच्या बापाने जन्मभर जाळी ओढली तो खारव्याचा मुलगा हिंदुस्थानच्या संघातून विलायतेत खेळून आला होता. ढोल वाजले, नारळ फुटले. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरताना गंगारामचा पाय फळीच्या बाजूला पडला आणि तो गुडघाभर पाण्यात गेला. लोक हसले, तोही हसला. त्याची बायको शकू तेवढी हसली नाही.

त्याचा खेळ सुरू झाला तो गावामागच्या कातळावर. त्या उंचसखल जांभ्यावर चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम नसे. बॅटला लागेपर्यंत चेंडूवरची नजर काढायची नाही, एवढं एकच तो तिथे शिकला. मुंबईच्या गोदीत हमाली करताना, मग एका कापड कंपनीच्या संघात, मग हिंदूंच्या संघात, तेवढंच त्याला पुरलं. विलायतेतल्या मोठ्या सामन्यात, ढगाळ हवेत भलेभले आल्या पावली परतत होते, तेव्हा तो दुपारभर उभा राहिला. पुढे ऑगस्टमध्ये, कसल्याशा साध्या सामन्यात, एक उसळता चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली. डॉक्टरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, आता नीट दिसतंय.

नीट दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यापुढे धुकं राहिलं होतं, आणि कुठली वस्तू किती लांब आहे याचा अंदाजच येईनासा झाला होता.

शकूने चार दिवस नुसतं पाहिलं. तांब्यातून पाणी ओतताना धार भांड्याच्या बाहेर जात होती. पाचव्या दिवशी ती त्याच्यासमोर बसली.

"डोळ्याला काय झालाय तुमच्या?"

"काय नाय."

"माझ्याशी तरी खोटा बोलू नका. भावोजींनी काल होडीतून दोर टाकला, तो तुमच्या खांद्यावर पडला तरी तुमचे हात हवेतच."

गंगारामने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "थंडीत गोऱ्यांचा संघ मुंबईला यायचाय. तेवढा एक खेळू दे मला. मग सोडीन."

"आणि दिसला नाय तर?"

"जुन्या सवयीवर खेळेन."

मुंबईत ती सवय काही महिने पुरली. ओळखीचे गोलंदाज होते, संथ चेंडू होते. कमी धावा झाल्या की लोक म्हणत, मोठा खेळाडू आहे, वेळेला उभा राहील. विलायतेतल्या त्या एका दुपारच्या नावावर त्याची संघात निवड झाली.

संघाचा यष्टिरक्षक आत्माराम त्याचा जिवलग. मूळचा राजापूरचा, गिरगावात वाढलेला. बोटीवर दोघांची खोली एक, विलायतेतल्या थंडीत दोघांचं कांबळं एक. सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात आत्मारामने त्याच्याकडे सहज एक चेंडू फेकला. गंगारामने ओंजळ धरली आणि चेंडू त्याच्या छातीवर आदळला. आत्मारामने दुसरा फेकला, मुद्दाम हळू. तोही निसटला.

"गंगा, कप्तानाला सांग," तो जवळ येऊन हळूच म्हणाला.

"सांगितलं तर संपलं सगळं."

"नाही सांगितलंस तर उद्या संपेल."

"तू बोलू नकोस, आत्मा. शपथ आहे माझी."

आत्माराम बोलला नाही.

पहिल्या डावात गंगारामला चेंडू दिसलाच नाही. त्याने बॅट पुढे केली आणि मागे यष्ट्या पडल्याचा आवाज ऐकला. प्रेक्षकांना वाटलं, असं कुणाचंही होतं.

दुसऱ्या डावात तो मैदानात उतरला तेव्हा पलीकडे आत्माराम खेळत होता, आणि असा खेळत होता की गोऱ्यांचे क्षेत्ररक्षकसुद्धा मध्येच टाळ्या देत होते. साठ धावा त्याने केव्हाच ओलांडल्या होत्या. सामना वाचवायचा तर दोघांनी संध्याकाळपर्यंत टिकायला हवं होतं. "तू नुसता थांब," आत्माराम त्याला म्हणाला. "मारायचं मी बघतो."

गंगाराम थांबला. चेंडू टप्पा घेतल्याचा आवाज आला की पाय पुढे टाकायचा, असं करत त्याने काही षटकं काढली. मग एक चेंडू बॅटच्या मधोमध बसला. किती महिन्यांनी हाताला तसा ठोका जाणवला होता! चेंडू उजव्या बाजूला गेला, क्षेत्ररक्षकाच्या पार पलीकडे गेला असं त्याला दिसलं.

"ये!" तो ओरडला.

आत्माराम पळाला. हाक गंगारामची होती, आणि त्याच्या हाकेवर तो विलायतेतही असाच पळत असे. दोन पावलं गेल्यावर गंगारामला क्षेत्ररक्षक वाकलेला दिसला. चेंडू पलीकडे गेलाच नव्हता, त्या माणसाच्या हातात होता. गंगाराम जागच्या जागी वळला आणि आपल्या रेषेत परत आला. आत्माराम खेळपट्टीच्या मधोमध एकटाच उरला.

तो धावचीत झाला. जाताना त्याने गंगारामकडे एकदा पाहिलं. पुढच्याच षटकात गंगारामचाही त्रिफळा उडाला. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या, संत्र्याच्या साली आल्या. तंबूत कप्तान तावातावाने विचारत होता, "असली हाक दिली कुणी?"

गंगाराम वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"चूक माझीच," पॅड सोडता सोडता आत्माराम म्हणाला.

ऐन वेळी डोकं गमावणारा माणूस, असा शिक्का आत्मारामवर बसला. त्याच्या जागी दुसरा यष्टिरक्षक आला आणि तोच पुढे खेळत राहिला. आत्माराम ज्या कंपनीत कामाला होता तिला खेळाडू हवा होता, कारकून नको होता. वर्षभरात त्याची नोकरी गेली. गंगाराम एकदा खरं सांगायला म्हणून कप्तानाच्या बंगल्यापर्यंत गेला. फाटकातून आतल्या माणसांचं हसणं ऐकू आलं आणि तो तसाच मागे फिरला. मग एक दिवस ट्रंक उचलून तो रत्नागिरीच्या बोटीत बसला.

त्यानंतर तो घरीच राहिला. भाऊ दत्ताराम त्याला समुद्रावर नेत नसे. गंगाराम पडवीत बसून बोटांनी चाचपून फाटकी जाळी विणी. शकू टोपली घेऊन बाजारात मासे विकायला जाई. उजवा डोळाही अधू होऊ लागला तेव्हा ती त्याला मिरजेला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, एकाचं दुखणं दुसऱ्यात उतरलंय, फार उशीर केलात.

चारेक वर्षांनी एका सकाळी आत्माराम दारात उभा राहिला. केस पांढरे झालेले, अंगावर विटका कोट. राजापूरला चुलत्याच्या दुकानात असतो, म्हणाला. काही कामाने मुंबईला निघाला होता. रत्नागिरीहून सुटणाऱ्या बोटीला वेळ होता म्हणून खाडी ओलांडून आला.

गंगारामने आवाज ओळखला. तो धडपडत उठला. "आत्मा, मी त्या दिवशी..."

"बस खाली."

"मी मागे फिरायला नको होतं. पळत राहिलो असतो तर मी बाद झालो असतो. तू खेळत राहिला असतास."

"हो," आत्माराम म्हणाला. "तसंच झालं असतं."

शकू पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

"माफ केलं म्हणायला आलो नाही, गंगा," आत्माराम शेवटी म्हणाला. "ते मला अजून जमत नाही. पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो, तेही खरं. या सगळ्यातलं ज्याच्याशी बोलावं असं दुसरं माणूस मला कुणी नाही. म्हणून आलो."

गंगाराम रडू लागला. आत्माराम त्याच्याकडे न बघता खाडीकडे बघत राहिला.

शकूने दोघांना भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं. आत्माराम पोटभर जेवला, विलायतेतल्या उकडलेल्या बटाट्यांची आठवण काढून थोडा हसलासुद्धा. निघताना त्याने गंगारामच्या दंडाला धरलं आणि मग सोडलं.

बंदरावर दोघं नवराबायको त्याला पोचवायला गेली. बोट खोल पाण्यात उभी होती आणि माणसं पडावांतून तिच्याकडे जात होती. गंगाराम धक्क्याच्या टोकाला उभा राहून हात हलवत होता.

"त्या पडावात नाय ते," शकू म्हणाली. तिने त्याचा खांदा धरून त्याला थोडं डावीकडे वळवलं. "हितं."

"बघतोय माझ्याकडे?"

शकूने पाहिलं. आत्माराम पाठमोरा बसला होता.

"बघतायत," ती म्हणाली.