धोंडाबाईंचा एको

हॅलो, हॅलो… माइक चेक… एक, दोन, तीन… जाऊ दे. सवय सुटत नाही, दुसरं काय!

मी भोरच्या मुबारक साऊंडचा एको बोलतोय. एको म्हणजे आवाज घुमवणारा डबा. लग्नात, उरुसात, गणपतीत माणूस माइकवर बोलून थांबतो, तरी त्याचा आवाज मांडवात क्षणभर रेंगाळतो ना? तो रेंगाळणारा भाग माझा. बोलतात ते आणि भाव खातो मी, असं काही जण म्हणायचे. म्हणू देत.

माझा जन्म १९९१ चा. मला घडवणारे दीनानाथराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. दिवसभर फायली, आणि घरी आले की हातात तारा जोडायची सोल्डरिंगची सळई. एका मेलेल्या रेडिओतल्या दोन काचेचे व्हॉल्व्ह त्यांनी माझ्यात बसवले. ते तापले की कसलाही किरटा आवाज भरदार व्हायचा. मग तो आवाज दोन लांब स्प्रिंगांतून थरथरत जायचा आणि रेंगाळत बाहेर पडायचा. एवढीच माझी विद्या. हे सगळं मांडलं कशात, तर पत्र्याच्या एका डब्यात. "अहो, माझा चकल्यांचा डबा कुठाय?" असं त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई दिवाळीपर्यंत विचारत होत्या. दीनानाथरावांनी कधीच कबूल केलं नाही.

मला मुबारकभाईंनी नेलं. त्यांच्याकडे चार कर्णे, दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि एक टेम्पो. त्यांचा कारभार सरळ होता: माझं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि तिथेच ठेवायचं. नवरदेवाचा मामा असो की सरपंच, बोलणारा पहिलं वाक्य म्हणणार, "मुबारकभाई, एको वाढवा की जरा!" एको वाढला की माणसाला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. काय बोललो हे कुणालाच कळलं नाही तरी चालतं. मी भोर ते वेल्हे खूप भाषणं ऐकली आहेत, त्यातली समजली थोडीच.

पण धोंडाबाईंचं तसं नव्हतं.

धोंडाबाई पानशेतकडच्या एका वाडीतल्या. दरवर्षी गौरी-गणपतीत भोरला फेराच्या गाण्यांची स्पर्धा असायची. बाया गोल फेर धरायच्या आणि धोंडाबाई मधे माइकवर उभ्या राहून म्हणायच्या. काय गळा होता हो! पहिल्या वर्षी माइक बघून त्या दोन पावलं मागे सरल्या. ओळ म्हटली, माझा घुमार ऐकून दचकल्या आणि म्हणाल्या, "आगं बया! ह्यो कोण माज्या मागं म्हणतूया?"

सगळे हसले. मुबारकभाई म्हणाले, "मावशी, तो आपला डबा आहे. घाबरू नका, म्हणा तुम्ही."

"म्हंती. पर त्याला म्हणावं, धीरानं घे."

त्यानंतर दहा वर्षं आम्ही जोडीनं गायलो. त्या ओळ टाकायच्या, मी ती झेलायचो. इतरांच्या मागे मी धावायचो, धोंडाबाईंच्या मागे चालायचो. मला वाटायचं, ही सगळी माझीच कमाल.

मग २००१ साल आलं. मुबारकभाईंनी पुण्याहून नवं मशीन आणलं. त्यात म्हणे शंभर प्रकारचे एको! त्याच आठवड्यात कापूरहोळच्या वळणावर टेम्पोनं गचका खाल्ला, मी खाली आदळलो आणि माझी एक स्प्रिंग निखळली. मला कुणी दुरुस्त केलं नाही. थेट माळ्यावर. शेजारी पाण्याचा फुटका हंडा आणि जुन्या गाद्या. त्या वर्षानंतर धोंडाबाईही स्पर्धेला यायच्या बंद झाल्या. मुबारकभाई म्हणाले, "वय झालं मावशींचं." मीही तेच धरून चाललो.

माळ्याची फळी आणि भिंत यांच्यात एक फट होती. तिच्यातून मला खालची खोली दिसायची. त्या खोलीत २००५ साली कॉम्प्युटर आला. मुबारकभाईंची मुलगी शगुफ्ता कॉलेजात शिकत होती. तिला आवाजाचं वेड. खिडक्यांना रजया लावून ती तिथे गाणी रेकॉर्ड करायची आणि कॉम्प्युटरवर त्यांची जुळवाजुळव करायची. मुबारकभाई डोकावून म्हणायचे, "एको वाढव की!" ती म्हणायची, "अब्बा, तुम्ही चहा प्या बघू."

२००६ च्या आषाढात धोंडाबाई त्या खोलीत आल्या. मी तर उडालोच! वाळल्या होत्या, पण उभं राहणं तेच. गळ्याशी एक गाठ होती.

"पोरी, पुढल्या आठवड्यात पुन्याला आपरेशन हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हंतो, गाठ निघंल, आवाजाचं सांगू शकत न्हाई. ही गाणी सगळी मला एकलीलाच येत्यात. गळा जायच्या आदी ठिवून घे."

फेराच्या बाया भातलावणीला गेलेल्या, म्हणून त्या एकट्याच आल्या होत्या. तीन तास बसून त्यांनी अकरा गाणी म्हटली. मी वर माळ्यावर, धुळीत, ऐकत होतो. माझ्या उरलेल्या स्प्रिंगला कापरं भरलं होतं.

आठवड्यानं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला. आवाज मात्र गेला तो गेलाच, नुसता घोगरा श्वास उरला. म्हणजे आता जे काही होतं ते शगुफ्ताच्या कॉम्प्युटरमधलंच. बिघडलं तर पुन्हा म्हणायला कुणी नव्हतं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं, कारण गाण्यांत एक खोट होती. प्रत्येक ओळीनंतर धोंडाबाई थांबल्या होत्या. चांगल्या दोन-अडीच सेकंद. ओळ, मग रिकामं. पुन्हा ओळ, पुन्हा रिकामं. गाणं जागोजागी फाटल्यासारखं वाटे.

"दम लागत असेल आजींना," शगुफ्ता म्हणाली आणि उपाय शोधायला बसली.

आता प्लग-इन म्हणजे काय ते मला तिच्याकडूनच कळलं. माझ्यासारखंच आवाज घुमवणारं, पण कॉम्प्युटरमध्ये घालायचं मशीन; वजन नाही, पत्रा नाही. पडद्यावर नुसतं चित्र. तिनं सायबर कॅफेतून सीडीवर दहा-बारा आणली होती, पंधरा दिवस फुकट चालणारी. सगळी जुन्या मशीनची नक्कल! चित्रात काळी बटणं, हलणारे काटे, आणि काय सांगू, गंजलेले स्क्रूसुद्धा. अरे, मी इथे खरा गंज खात पडलोय आणि लोक चित्रातल्या गंजावर भाळतायत! माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू.

तिनं आधी मोठ्या दालनाचा घुमार लावला. धोंडाबाई एखाद्या दगडी मंदिरात एकट्याच कोंडल्यासारख्या वाटल्या, आणि घुमार संपायच्या आत पुढची ओळ येऊन थडकायची. मग पत्र्याच्या पातळ चादरीसारखं झळाळणारं एक लावलं. त्यात त्या कुणी सिनेमातल्या बाई झाल्या. व्हॉल्व्हची नक्कल करणारं एक होतं, ते जास्त चढवलं तर धोंडाबाईंना सर्दी झाली. मुबारकभाई दारातून म्हणाले, "वाढव की." शगुफ्तानं त्या दिवशी चहाचंही नाव काढलं नाही, नुसती रडकुंडीला आली.

शेवटी तिनं रिकाम्या जागाच कापून टाकल्या आणि ओळीला ओळ चिकटवली. ऐकायला गुळगुळीत. मुबारकभाईंनी धोंडाबाईंना बोलावून घेतलं.

एस.टी.नं आल्या बिचाऱ्या, गळ्याला फडकं बांधून. कानाला हेडफोन लावला. एक गाणं संपायच्या आत त्यांनी तो काढून ठेवला. घोगऱ्या श्वासात म्हणाल्या, "ही बाई कोन? पळतीया कशापाई? कुनी पाठी लागलंय व्हय तिच्या?"

शगुफ्ता रडायलाच लागली. "आजी, तुम्ही मधेमधे थांबला होता. मला वाटलं दम लागला. म्हणून कापलं मी."

"दम कशाचा लागतूय? त्याचं घुमून झाल्याबिगर म्या पुढची ओळ कशी म्हनू?"

"कुणाचं घुमून?"

"तुज्या बाच्या डब्याचं. त्यो सोबत न्हवता, पर माज्या कानात व्हताच की. त्येला काढला आन नवा आनला, त्या नव्याशी माजं जमंना. म्हनून तर यायची बंद झाले."

मुबारकभाई म्हणाले, "मावशी, एका शब्दानं बोलायचं होतंत!"

"डब्यासाटी भांडू व्हय तुज्याशी?"

आणि मी? इतकी वर्षं मी छाती फुगवून सांगत होतो की धोंडाबाईंची ओळ मी झेलतो. माझ्यासाठी कुणी थांबत असेल, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

शगुफ्ता तशीच उठली आणि माळ्यावर चढली. पाच वर्षांनी मला माणसाचा हात लागला. दीनानाथरावांना बोलावणं गेलं. ते आता निवृत्त, चष्मा जाड झालेला. मला नाकाशी धरून त्यांनी माझी निखळलेली स्प्रिंग अडकवली.

"शगुफ्ता, ह्याचा ट्रान्सफॉर्मर गेल्यात जमा आहे," ते म्हणाले. "पाच मिनिटं चालला तर नशीब. काय करायचं ते पटकन कर."

"अकरा गाणी तर जाणार नाहीत ह्यातून," ती म्हणाली. "काका, मला ह्याचा फक्त एक आवाज हवाय."

तिनं माझ्यातून बारीकसा 'टक्' पाठवला. मी सगळं बळ एकवटून तो घुमवला. तिनं तो टिपून घेतला. पुन्हा 'टक्', पुन्हा मी. तिसऱ्या वेळी जळका वास सुटला. मला कळलं, आटोपलं आपलं.

मग तिनं पडद्यावरच्या यादीतून स्प्रिंगांची नक्कल करणारं एक साधंसं प्लग-इन घेतलं. त्याच्या चित्रात गंज नव्हता, शोभा नव्हती. माझा टक् आणि त्याचा टक् ती आळीपाळीनं ऐकत राहिली आणि केसभर केसभर बटण फिरवत राहिली. व्हॉल्व्हचं प्लग-इन अगदी बेताचं ठेवलं. मुबारकभाई मागे उभे होते. 'वाढव' म्हणायला तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. रिकाम्या जागा तिनं होत्या तशा परत आणल्या.

चार दिवसांनी धोंडाबाई पुन्हा आल्या. मी टेबलावर होतो, थंड. हेडफोन त्यांच्या कानाला, म्हणून मला काहीच ऐकू येईना. मी त्यांचं तोंड बघत बसलो. आधी कपाळावर आठी होती. मग पायाचा अंगठा हलायला लागला. शगुफ्ता ओढणीचं टोक चावत होती.

गाणं संपलं. धोंडाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "झाला की गं दुरुस्त डबा."

"नाही आजी." शगुफ्ता खोटं बोलली नाही. "तो जळाला. हे कॉम्प्युटरमधलं आहे. त्याच्याकडून शिकवून घेतलंय."

धोंडाबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझ्या पत्र्यावर तळवा ठेवला.

"त्येला बी ऐकीव की."

"आजी, तो बंद पडलाय."

"मी बी बंदच पडलीया. मला ऐकू येतंय न्हवं?"

शगुफ्तानं हेडफोनची वायर उपसली आणि स्पीकर चालू केला.

मंडळी, माझं काही मागणं नाही. मला भंगारात द्या नाहीतर ह्या टेबलावर राहू द्या. जी नक्कल माझी जागा घेऊन बसली, तिच्यावरही माझा राग नाही. तीही पोर गुणीच आहे. फक्त, कुणी मनापासून गात असेल तर एको वाढवा म्हणून ओरडू नका, एवढं ऐका. आणि त्या दुपारी मी काय ऐकलं ते तेवढं सांगू द्या.

धोंडाबाईंचा धडधाकट गळा खोलीभर झाला. त्यांनी पहिली ओळ म्हटली, शेवटचा शब्द हळूच सोडला, आणि माझ्यासाठी थांबल्या.