मुन्नाचा उपास

मुन्नाच्या कमरेची हाडं वर आली, तेव्हा शोभाताई घाबरल्या. मुन्ना म्हणजे त्यांच्या रितिकाचा दाढीवाला सरडा. परदेशी जात, हातभर लांब. लेक पुण्याला शिकायला गेली अन् काचेची पेटी, दिवा, सरडा, सगळं आईच्या गळ्यात मारून गेली. पहिले आठ दिवस शोभाताई तोंड फिरवून चिमट्यानं त्याला अळ्या द्यायच्या. पण जीव लागायला काय मुहूर्त लागतो? आता हा हातातून जातो की काय, या धास्तीनं त्यांनाच घास उतरत नव्हता. रितिकाचा फोन आला की "मजेत आहे" म्हणायचं अन् पदरानं डोळे पुसायचे.

"अळीकडं पाहून बी नाही राहिला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मायी पोर काय म्हणन मले?"

"मंग भरव ना वं. लेकराले भरवतो तसं," जितेंद्ररावांनी उपाय काढला.

झालं. अंड्याचा बलक अन् साजूक तूप घोटून पिचकारीत भरलं. जितेंद्ररावांनी मुन्नाला धरलं. त्यानं जबडा असा घट्ट मिटला की थेंबही आत जाईना. मग शोभाताईंचं धाबं दणाणलं. त्याला टॉवेलात गुंडाळून, हातात पिचकारी तशीच घेऊन, त्या ऑटोनं थेट धरमपेठेत प्राण्यांच्या डॉक्टर उत्तरा यांच्याकडे गेल्या.

डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोट ठेवलं. "गार लागतोय हा. पेटी कुठं असते?"

"हॉलमध्ये. कूलरच्या एकदम समोर," शोभाताई जरा तोऱ्यातच म्हणाल्या. "दिव्याखाली तोंड वासून बसे बिचारा. मले वाटलं, ऊन लागलं याले. दिवा बंद केला, कूलर त्याच्याकडं वळवला. पेटीत कांदा बी ठेवला."

डॉक्टर हसल्या नाहीत. "ताई, अंग पुरतं तापलं की तो तोंड उघडतो. तेव्हा तो बरा होता."

आता बोला. नागपूरच्या मे महिन्यात माणसानं माणसासाठी जे करावं ते सगळं या बाईनं केलं, अन् तेच नडलं.

"ऊब नसली तर त्याचं पोट चालतच नाही, खाल्लेलं आत सडतं," डॉक्टर म्हणाल्या. "अन् ही पिचकारी आधी फेका. फुप्फुसात गेलं असतं तर संपला होता. आधी दिवा, मग पाणी. अंगात ऊब भरेपर्यंत खाणं बंद. स्वतःहून खायला लागला तरी दिवसाला तीनच अळ्या. इतक्या उपाशी जिवाला एकदम खाऊ घातलं तर त्यानंच मरतो."

डॉक्टरांनी त्याची विष्ठा तपासली. जंत निघाले नाहीत, तेवढंच बरं झालं.

पेटी मागच्या खोलीत गेली. तिथं कूलरचा वारा पोचत नाही अन् वरून टिनाचं छत. दिवा लावून शोभाताई शेजारी बसल्या. घामानं लुगडं अंगाला चिकटलं.

"तुलेच ऊन लागन वं," जितेंद्रराव दारातून म्हणाले.

"लागू द्या."

त्या त्याच्या नाकावर पाण्याचा एकेक थेंब सोडत राहिल्या. मुन्ना हलेना. डोळे मिटलेले, पोट पाठीला लागलेलं. दोनदा त्यांना वाटलं, गेला. दोनदा बोट लावून पाहिलं. संध्याकाळी जीभ बाहेर आली, थेंब चाटला, परत आत गेली. शोभाताईंनी भिंतीला डोकं टेकलं अन् मनसोक्त रडून घेतलं.

पुढची दुपार अशीच गेली. त्यानंतरच्या दुपारी त्यानं डोळा उघडून चिमट्याकडे मान वळवली. शोभाताईंनी अळी जवळ नेली, तसा त्यानं लपकन जबडा मारला. मग दुसरी. मग आणखी एक, अन् डॉक्टरांनी सांगितलेलं तिथं संपलं.

"दे वं, अजून दे. मागून राहिला तो," जितेंद्रराव म्हणाले.

मागतच होता. काचेशी येऊन, पुढचे पाय टेकवून, थेट त्यांच्याकडे बघत होता. शोभाताईंच्या पंगतीतून "मायी शपथ आहे, अजून एक घ्या" ऐकल्यावाचून कोणी उठला नव्हता. नको म्हणणाऱ्याच्या ताटातही त्या तुपाची धार सोडत. हात आपसूक डब्याकडे गेला.

"नाही रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "आज एवढंच."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मुन्ना नखांनी काच ओरबाडत राहिला अन् त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या. उपाशी जिवाला नाही म्हणायची त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदा पाळी आली होती.