पिवळ्या कागदाखालचा कोपरा

प्रमोदिनीने चिकटकागदाच्या गठ्ठ्यातून एक पिवळा कागद ओढला आणि संगणकाच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात निरोप उगवायचे तिथे, अंगठ्याने दाबून चिकटवला. मघापासून लुकलुकणारा तो चौकोन दिसेनासा झाला तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

"मॅडम, आपली वेळ संपली की," शेजारी बसलेला अमरसिंह म्हणाला.

"दोन मिनिटं थांब रे."

"गडचिरोलीच्या मॅडम थांबल्या असतील न्हवं?"

"थांबतील. आपल्याला काय हे मशीन रोज मिळतंय?"

मशीन हैदराबादच्या एका केंद्रात होतं. कोल्हापुरातल्या कॉलेजच्या या खोलीत प्रमोदिनीने माउस हलवला की तिकडे सूक्ष्मदर्शकाखाली शाहूवाडीच्या भाताचं मूळ केसभर सरकायचं. असलं यंत्र विकत घ्यायची एकाही कॉलेजची ऐपत नव्हती, म्हणून चार कॉलेजांनी मिळून वेळ मागून घेतली होती आणि आपसांत वाटून घेतली होती. नमुना आधी पोचवायचा, आपल्या पाळीला आपल्या गावात बसून यंत्र चालवायचं आणि काम झालं की 'मोकळं' असं लिहिलेलं बटण दाबायचं. ते दाबेपर्यंत यंत्र तुमच्याच नावावर अडकून राहायचं. उठा म्हणून दंडाला धरणारं तिथे कुणी नव्हतं, सगळा भरवशाचा मामला होता.

आणि या भरवशाच्या मामल्यात प्रमोदिनी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, म्हशीची धार चाललेली असताना, एक गृहस्थ पेला घेऊन मध्ये घुसले तेव्हा "पावणं, रांग दिसत न्हाय व्हय?" असं ती ज्या आवाजात म्हणाली होती, त्याने म्हशीनेसुद्धा मान वळवली होती. पण कट्ट्यावर मागचा माणूस दिसतो, त्याच्या हातातला पेला दिसतो. इथे मागे फक्त भिंत होती.

ती मूळ उजवीकडे सरकवत राहिली. बुरशीचा धागा भाताच्या मुळात नेमका कुठून शिरतो ते तिला टिपायचं होतं. दोन वर्षं दोघं त्याच्या मागे होते, अमरसिंहचा प्रबंध त्यावरच अडला होता आणि मूळही त्याच्याच घरच्या शेतातलं होतं. उजवीकडे काही नव्हतं. वर नव्हतं, खालीही नव्हतं. दोन मिनिटांचा तास कधी झाला ते तिला कळलं, पण तिने घड्याळाकडे बघायचं टाळलं. शेवटी कंटाळून ती डावीकडे वळली आणि मुळाच्या टोकापाशी तो धागा आत शिरताना लख्ख दिसला.

अमरसिंह खुर्चीतून उठलाच. "गावला की हो मॅडम!"

भराभर फोटो घेऊन तिने 'मोकळं' दाबलं. पाच-दहा मिनिटांनी फोन वाजला. पूर्णिमा, गडचिरोलीची. दोघी प्रत्यक्ष कधी भेटल्या नव्हत्या, पण हे यंत्र चालवायला पूर्णिमाला प्रमोदिनीनेच शिकवलं होतं, पडद्यावरून, पोरीचा हात धरून शिकवावं तसं. तेव्हापासून ती तिला ताई म्हणायची.

"ताई, झालं ना काम?"

"अगं, काय सांगू," प्रमोदिनी म्हणाली. पुढचं वाक्य कुठून आलं ते तिलाही समजलं नाही. "आमचं नेटच गेलं होतं. आत्ता कुठे आलं. तुला कळवताही येईना."

अमरसिंह बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायांत चपला होत्या.



"हो का," पूर्णिमा हळूच म्हणाली. "नेटचं असंच असतं ताई. असू द्या."

"तुझी पानं?"

"काळी पडली. आमचा माणूस रात्रभर बसने घेऊन गेला होता, बर्फात घालून. शेतात आता कापणी सुरू झाली, तेव्हा पुन्हा रोगट पानं मिळायची नाहीत. बघू पुढच्या खरिपात."

फोन ठेवल्यावर प्रमोदिनी अमरसिंहशी काहीतरी बोलायला वळली, पण तो बाटलीत पाणी भरायला निघून गेला होता. बाटली अर्धी भरलेली टेबलावरच होती. तिला त्याच्यामागे जाऊन सांगावंसं वाटलं, की अरे, तुझ्याचसाठी केलं. ते खरंही नव्हतं आणि त्याने मागितलंही नव्हतं.

संगणक बंद करताना तिने पिवळा कागद ओढून काढला. खाली डोळ्याचं छोटं चित्र होतं. कुणी आपल्याबरोबर तोच पडदा बघत असलं की तिथे त्याचं नाव येतं, हे पूर्णिमाला तिनेच शिकवलं होतं. डोळ्यापुढे पूर्णिमाचं नाव होतं. त्याखाली निरोप होते.

'ताई, किती सुंदर दिसतंय! पुढचा नंबर माझा होता म्हणून डोकावले.'

'ताई, डावीकडे घ्या ना. टोकाजवळ धागा आत जातोय असं वाटतं.'

'घाई करू नका, पानं बर्फात आहेत. पण डावीकडे बघाच.'

'ताई, उजवीकडे नाही हो.'

आणि मग, बऱ्याच वेळाने: 'पानं काळी पडायला लागलीत. झालं की सांगा.'

प्रमोदिनीने निरोप पुन्हा वाचले. तिने सांगितल्याबरोबर डावीकडे वळली असती तर दोघींचं काम झालं असतं. पण त्याहून वाईट हे होतं, की नेट गेलं असं ती ज्या मुलीला म्हणाली, ती मुलगी तासभर तिच्याच पडद्यासमोर बसून होती. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पिवळा कागद बोटाला चिकटून बसला होता, तो झटकूनही निघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारही कॉलेजांची बैठक होती, अर्थात पडद्यावरच. केंद्राचे प्रमुख राजवर्धन सर पाळीपाळीने विचारत होते.

"गडचिरोली, तुमचा एकही फोटो नाही. काय झालं?"

पूर्णिमाने माइक सुरू केला. कॅमेऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "सर, आमच्याकडचं नेट गेलं होतं."

अमरसिंहने आपली खुर्ची आवाज न करता मागे घेतली, कॅमेऱ्यात दिसणार नाही इतकी.

"मग नियम तुम्हाला माहीत आहे," सर म्हणाले. "वेळ वाया गेली की नंबर शेवटी. पुढच्या वर्षी तुम्हाला सगळ्यांच्या मागे थांबावं लागेल."

"चालेल सर."

"कोल्हापूरचं मात्र अभिनंदन! काय फोटो आलेत! प्रमोदिनीताई, बोला."

बाकीच्या चौकोनांतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे माइक बंद असल्यामुळे नुसते हात हलताना दिसत होते. प्रमोदिनीने माइकचं बटण दाबलं. दूध कट्ट्यावरचा तिचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"सर," ती म्हणाली, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाली, "सर, नेट कुणाचंच गेलं नव्हतं. गडचिरोलीचं नाही आणि आमचंही नाही. रांग मी मोडली. नंबर आमचा मागे टाका."

पूर्णिमाने पहिल्यांदाच मान वर केली.

मागे फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अमरसिंह पुढे आला आणि प्रमोदिनीच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर, येऊन बसला.