रुपीबाईचा बुडबुडा

यवतमाळच्या आमच्या कारखान्यात रेल्वेच्या तेलवाहू टाकी-वाघिणींना लागणारे बटरफ्लाय व्हॉल्व्ह तयार होत. लोखंडी कडं, आत फिरणारी तबकडी. पाव फेरा दिला की तेल सुरू, उलटा पाव फेरा दिला की बंद. तपासणी सोपी. तबकडी बंद करायची, वर पाणी ओतायचं, खालून हवा सोडायची आणि मिनिटभर बघायचं. बुडबुडा आला की व्हॉल्व्ह बाद. हे काम धनसिंगकडे होतं आणि धनसिंग माझ्या हाताखाली.

कापसाची ती वाईट वर्षं. धनसिंग जिथे कापूस निवडायचा ते सरकी काढायचं जिन बंद पडलं, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी तो तांड्यावरून आमच्याकडे आला. बायको रुपीबाई रोज डबा घेऊन यायची आणि परत जायचं नाव घ्यायची नाही. त्याच्याशेजारी बसून पोरीसारखी ओरडायची, "निंगाला बुडबुडा! पाहा जी!" तो म्हणायचा, "दिसला मले. बाद." माझं डोकं उठायचं. एका सोमवारी मी तिला फाटकाबाहेर काढलं. म्हटलं, ही काय जत्रा आहे?

त्या दिवशी धनसिंगने नऊच्या नऊ व्हॉल्व्ह पास केले. मी सवयीने त्यातले दोन पुन्हा लावून पाहिले. दोन्हींतून बुडबुडे, तेही वाटाण्याएवढे! असला व्हॉल्व्ह लागला असता तर अख्खी वाघीण रुळांवर रिकामी झाली असती. माझा पारा चढला.

"धनसिंग, डोळे फुटले का तुमचे?"

"फुटले नाही म्याडम, पण गेलेच," तो हळू म्हणाला. "मोतीबिंदू हाये." मग त्याने हात जोडले. "कामावरून काढा, पण रुपीले सांगू नका. तिले वाटते मीच पाहून सांगतो. तिच्या येडेपणावर रोजी खाऊन राह्यलो मी."

मी तशीच तरातरा फाटकाशी गेले. ती निंबाखाली बसली होती. मी "आत चला" म्हटलं, तशी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"त्यायनं सांगतलं का? मले तं जिनातच समजलं होतं. कवडी, डागी कापूस चांगल्यात टाकत होते. पण म्याडम, मले मालूम हाये, हे त्यायले सांगू नका. लय मानी मानूस हाये."

दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलं होतं! मी तिला हाताला धरून आत नेलं, त्याच्यासमोर उभं केलं आणि एकाचं गुपित दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळी झाले. पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करायचं. तोवर रुपीबाई बघेल आणि धनसिंग बोल्ट आवळेल. हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

"तुले मालूम होतं?" धनसिंगने विचारलं. "मंग पोरीवानी ओरडत काहून होती?"

"तुमाले दिसलं असं वाटावं म्हून."

त्याने तिच्यासाठी हात पुढे केला, पण तो अंमळ भलतीकडेच गेला. रुपीबाई बांगडी वाजू न देता तिकडे सरकली.