मिठागरातला उजेड

खर्र, खर्र. निजानीज झालेल्या दुपारच्या घरात तेवढाच आवाज. मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर हे उशीला टेकून पॉलिश पेपरवर पेन्सिलीचं टोक घासत होते. सुईसारखं लांब टोक. मध्येच थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा खर्र.

"कशाला उठलात?"

"तुझ्यासाठी करून ठेवतोय. तू केलंस तर शिसं मोडशील. भाकरी थापायचा हात तुझा."

हे, म्हणजे प्रभाकर, पनवेलच्या एका स्टुडिओत रिटचर होते. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची, हे काम. अर्ध्या गावाच्या मुलींची स्थळं यांच्या पेन्सिलीनं जमली असतील. आणि घरात यांचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला, उरलेल्यावर होमाचा धूर. बाकी कुठेही गेलो तरी कॅमेऱ्यामागे हेच.

मुंबईच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं, तेव्हा येताना सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात तेवढंच. वल्लरी चार वर्षांची. माझे वडील गेले तेव्हा मीही एवढीच होते. मला त्यांची एक खाकी बाही आठवते. चेहरा नाही. कितीदा डोळे मिटून शोधला, बाहीच्या वर काहीच नाही. माझ्या लेकीला चेहरा हवा होता. तो मिळवायला माझ्याकडे किती दिवस होते, कोण सांगणार?

"स्टुडिओच्या मालकांना बोलावू का?" मी विचारलं होतं.

"नको. ते दिवे लावतील आणि रडत बसतील. तू काढ. उन्हात."

म्हणून मी काढला. भर दुपारी, अंगणात. जितकं ऊन तितका फोटो चांगला, अशी माझी समजूत. मालकांनी धुऊन पाठवलेले फोटो मी उजेडात धरले. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी, नाकाखाली काळं, गालफडं आत.

यांनी फोटो हातात धरून नीट पाहिले. "छान. हा गृहस्थ आधीच गेलाय."

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

"रडतेस काय?" हे मला म्हणाले. "शीक. डोक्यावरचं ऊन चेहरा खाऊन टाकतं. सावलीत बसव मला, उजेडाकडे तोंड करून. आणि खालून थोडा उजेड परत दे. समोर पांढरं काहीतरी धर."

दुसऱ्या दिवशी मी पडवीत खुर्ची मांडली आणि सासऱ्यांचं धुतलेलं धोतर उलगडून यांच्यासमोर धरलं. खरंच हनुवटीखालचं काळं निवळलं. मी हरखून "बघा, बघा" म्हणतेय, तोच सासूबाई विहिरीवरून आल्या. कळशी तिथंच टेकवली आणि धोतर माझ्या हातातून ओढलं.

"माझ्या मुलापुढे पांढरं कापड धरून उभी राहतेस? जिवंत माणसापुढे?"

"आई, अण्णांचं धोतर आहे ते," हे म्हणाले.

"कुणाचं का असेना. मी आहे तोवर नाही."

त्या ते धोतर पोटाशी धरून बसल्या. मला राग आला नाही. ते कापड त्यांना कसलं दिसलं, ते मला आत्ता दिसलं होतं.

हे मात्र हसले. "मग मिठागरात चल. तिथं जमीनच पांढरी. जमिनीला आई काय बोलणार?"

गव्हाणच्या बाजूला यांच्या ओळखीच्या काशीरामचं मिठागर होतं. उन्हं कलल्यावर रिक्षानं गेलो. यांना बांधावरून चालवेना, तर काशीरामनं सरळ पाठुंगळी घेतलं.

"दादा, वजन कुठं ठेवून आला? आमच्या मिठाची गोण जड हाय तुमच्यापेक्षा!"

"तुझ्या निशाचं लग्न ठरलं का रे?"

"ठरलं ना! तुमीच फोटूत तिला गोरी केली. आता पोरगी बघून सोयरे बोलतात, फोटूतली कुठं हाय? वयनी, बसवा दादाला हितं, खोपीच्या सावलीला."

खोपीपुढे मिठाच्या राशी होत्या. त्यांच्यावरून उजेड खालून वर येत होता, मऊ, दुधासारखा. मी कॅमेऱ्यात वाकून पाहिलं. त्या जुन्या कॅमेऱ्यात डावं उजवीकडे दिसतं. मी इकडे सरकायची, हे तिकडे पळायचे.

"घाई नको. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसेल. दिसला की दाब."

वल्लरीनं राशीतला खडा चाटला आणि असं काही तोंड केलं की हे हसले. ठिपका दिसला. दोन्ही डोळ्यांत. मी दाबलं.

तो फोटो चांगला होता. मालकांनीसुद्धा सांगितलं. हडकुळा माणूस होता त्यात, पण तो माझाच, मुलीकडे बघणारा.

"याला फार हात लावू नकोस," निगेटिव्ह खिडकीशी धरून हे म्हणाले. "डोळ्यांखाली चार रेघा. बस."

पण त्याच आठवड्यात यांना बसवेनासं झालं. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. कधी नव्हे तो माझा हात धरला. "गाल भर गं त्याचे. लोकांचे भरले त्यानं जन्मभर."

यांनी टोक करून ठेवलेली पेन्सिल घेऊन मी खिडकीशी काच लावून, तिच्यावर निगेटिव्ह ठेवून बसले. वल्लरी झोपली की, दूध तापेपर्यंत, जमेल तेव्हा. निगेटिव्हवर काळं केलं की कागदावर उजळतं. डोळ्यांखाली चार रेघा झाल्या. मग गालाच्या खळग्यात एक. मग दुसरी. आतून खोकला ऐकू यायचा आणि माझी पेन्सिल पुढे जायची. इकडे भरलं की तिकडेही भरेल, असंच काहीतरी धरून बसले होते मी. गळ्याच्या शिरा गेल्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या. थांबायचं कुठं ते मला शिकवलं होतं, आणि मला थांबता येईना.

मोठा करून आणलेला फोटो सासूबाईंनी छातीशी धरला. "हाच. हाच माझा प्रभाकर."

मी तो यांच्यापुढे धरला. यांनी बराच वेळ पाहिलं. कामाचं पाहायचे तसं, कडेपासून कडेपर्यंत.

"हात बसला तुझा," हे म्हणाले. "एक रेघ दिसत नाही."

आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी तशीच स्वयंपाकघरात आले. पेजेसाठी तांदूळ निवडत खाली बसले. थोड्या वेळानं वल्लरी आली, फोटो दोन्ही हातांत धरून. ती यांच्या खाटेशी उभी राहून आली होती. आता फोटोतल्या गोलसर, तुकतुकीत चेहऱ्यावरून बोट फिरवत होती. मग माझ्या कानाशी वाकली. आत ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिनं विचारलं,

"आई, फोटोतले बाबा आपल्याकडे कधी येणार?"