ओफेलियाच्या डोक्यातला दाणा

मी एक दाणा बोलतोय. हरभऱ्याएवढा, पातळ कातडीचा, पाण्याने भरलेला. दूरदेशी ओहाकाच्या डोंगरातल्या नऊ वर्षांच्या ओफेलियाच्या मेंदूत माझा मुक्काम आहे. इथे ऊबदार अंधार असतो. तिची स्वप्नं माझ्या अंगावरून हळूच सरकतात: मक्याची शेतं, कागदी पताका, ढगात चरणाऱ्या शेळ्या. मी आपला पेंगत पडलेला.

इथे येऊन दोन वर्षं झाली, मी म्हातारा होऊ लागलो, कातडी ढिली पडली आणि ओफेलियाला झटके येऊ लागले. शेजारणी म्हणाल्या, "ओढ्यावर घाबरली पोर." तिच्यावरून अंडं उतरवलं, पण गुण आला नाही. तिची शाळा सुटली.

तिचे आजोबा फिदेन्सिओ बाजारात डुकरांच्या जिभा तपासायचे. डुक्कर आडवं पाडायचं, जीभ ओढून खालून बोट फिरवायचं. माझ्यासारखा दाणा लागला की डुक्कर रोगी, सौदा मोडला. त्यांच्या शब्दाला मान होता. म्हणून दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोक्याच्या फोटोत मला दाखवून 'डुकरातला दाणा' म्हणताच ते उसळले, "माझ्या घरात दाणेवालं डुक्कर? शक्यच नाही!"

"मांसातला दाणा डोक्यात जात नाही, काका. तो खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो. त्या जंताची अंडी न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या घासात जातात आणि रक्तातून डोक्यात पोचून तिथे असा दाणा होतो. घरात सगळ्यांची शौचाची तपासणी करू."

"माझीसुद्धा? गावाला हसायला कारणच द्या!" टोपी चढवून ते निघाले.

मला ठाऊक होतं. बाजारात अर्धकच्चं मांस चाखणाऱ्या आजोबांच्याच पोटात तो जंत होता. त्यांनी लाडाने भरवलेल्या घासातून मी आलो होतो. ते अडून बसले तर माझ्यामागून आणखी दाणे येणार, या विचाराने माझी झोप उडाली. पण मला तोंड कुठलं?

पुढचा झटका चुलीपाशी आला. आजोबांनी तिला कवेत घेतलं. शुद्धीवर येताच ती पुटपुटली, "आजोबा, तुम्ही डुकरांना विचारता का, 'जीभ दाखवतोस का' म्हणून?"

"नाही गं."

"मग तुम्ही तरी कशाला एवढे आढेवेढे घेता?"

म्हातारा रडता रडता हसला आणि सकाळी शौचाची डबी घेऊन दवाखान्यात गेला. जंत त्यांच्याच पोटात निघाला. मग भर बाजारात उभं राहून ते म्हणाले, "जिभा तपासल्या, पण हात धुतले नाहीत. नातीला मीच आजारी केलं." कुणीही हसलं नाही.

ओफेलियाच्या गोळ्यांनी आता माझं पाणी आटतंय. मी चुन्याचा कण होईन, कदाचित कधीमधी तिला त्रासही देईन. स्वप्नं अजून येतात, पण अंधुक. पोरी, मला माफ करू नकोस. आजोबांना मात्र कर. हल्ली ते तुला जवळ घ्यायलाही घाबरतात.